संकल्प आणि कृती यांतील अंतर : चालढकलीचे मानसशास्त्र व तंबाखूमुक्तीचा प्रश्न

सारांश

स्वतःमध्ये बदल घडवून आणण्याची इच्छा असूनही तो बदल पुढे ढकलला जातो, हा बहुतेकांचा अनुभव आहे. या प्रवृत्तीला सर्वसाधारणपणे आळस म्हटले जाते. मानसशास्त्राच्या दृष्टीने मात्र चालढकल आणि आळस या भिन्न गोष्टी आहेत. प्रस्तुत लेखात चालढकलीची संकल्पना, तिची कारणे व तीवर मात करण्याचे मार्ग यांचे विवेचन तंबाखू सोडण्याच्या उदाहरणाच्या आधारे केले आहे. त्यासाठी देवनार येथील दोन संस्थांनी केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणांतील निष्कर्षांचा आधार घेतला असून, महाविद्यालयीन अध्यापकांच्या कार्याशी या विषयाचा असलेला संबंध शेवटी स्पष्ट केला आहे.

बीजशब्द : चालढकल, दीर्घसूत्रता, प्रेरणा, संकल्प, व्यसनमुक्ती, समुपदेशन.

१. प्रस्तावना

मुंबईच्या पूर्व उपनगरातील देवनार म्हटले की सामान्य मुंबईकराच्या डोळ्यांसमोर १९२७ पासूनची कचराभूमी आणि पशुवधगृह उभे राहते. समाजशास्त्रांच्या अभ्यासकांना मात्र हे नाव वेगळ्या कारणाने परिचित आहे. १९३६ मध्ये स्थापन झालेली टाटा समाजविज्ञान संस्था १९५४ मध्ये देवनारला आली. १९५६ मध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थाही याच परिसरात, गोवंडी स्थानकाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. या दोन संस्थांनी एकाच राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या दोन फेऱ्या पार पाडल्या. जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाची भारतातील पहिली फेरी २००९-१० मध्ये लोकसंख्या विज्ञान संस्थेने, तर दुसरी २०१६-१७ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने घेतली. पहिल्या फेरीत ६९,२९६ आणि दुसऱ्या फेरीत ७४,०३७ व्यक्तींच्या मुलाखती घेण्यात आल्या.

हे सर्वेक्षण सार्वजनिक आरोग्याचे म्हणून ओळखले जाते. परंतु त्यात मानसशास्त्राच्या दृष्टीने अत्यंत मोलाचा असा एक प्रश्न आहे. तंबाखू सेवन करणाऱ्याला त्याच्या सोडण्याविषयीच्या विचारांचे वर्णन करण्यास सांगितले जाते आणि त्याच्यापुढे चार पर्याय ठेवले जातात : पुढील महिन्याभरात सोडण्याचा बेत आहे, पुढील बारा महिन्यांत सोडण्याचा विचार आहे, कधीतरी सोडेन, पण पुढील बारा महिन्यांत नाही, सोडण्यात रस नाही. यांतील तिसरा पर्याय म्हणजे चालढकलीची नेमकी व्याख्याच होय. त्यात नकार नाही, बेफिकिरीही नाही. मान्यता आहे, पण तिला तारीख नाही.

२. सर्वेक्षणातून दिसणारे चित्र

दुसऱ्या फेरीनुसार भारतातील प्रौढांपैकी २८.६ टक्के, म्हणजे सुमारे २६.७ कोटी लोक कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखूचे सेवन करीत होते. पहिल्या फेरीत हे प्रमाण ३४.६ टक्के होते. महाराष्ट्रात दुसऱ्या फेरीच्या वेळी प्रौढांमधील प्रमाण २६.६ टक्के होते आणि त्यात धूम्रपानाचा वाटा अल्प, अवघा ३.८ टक्के होता. धूरविरहित तंबाखूचे प्रमाण २४.४ टक्के होते. चुना लावून मळलेली तंबाखू, गुटखा, खर्रा, तपकीर आणि स्त्रियांमध्ये विशेष प्रचलित असलेली मशेरी हे महाराष्ट्रातील तंबाखूचे खरे रूप आहे.

या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाचे आकडे पुढे आहेत. धूम्रपानामुळे गंभीर आजार होतात हे ९२.४ टक्के प्रौढांना, तर धूरविरहित तंबाखूमुळे ते होतात हे ९५.६ टक्के प्रौढांना मान्य होते. धूम्रपान करणाऱ्यांपैकी ५५.४ टक्के आणि धूरविरहित तंबाखू घेणाऱ्यांपैकी ४९.६ टक्के लोक ती सवय सोडण्याच्या बेतात अथवा विचारात होते. मागील बारा महिन्यांत सोडण्याचा प्रत्यक्ष प्रयत्न केलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ३८.५ व ३३.२ टक्के होते. जे कधीकाळी रोज धूम्रपान करीत असत, त्यांपैकी केवळ १६.८ टक्के लोक त्यातून बाहेर पडले होते. धूरविरहित तंबाखूच्या बाबतीत हेच प्रमाण ५.८ टक्के होते.

या टक्केवारींचे आधारगट वेगवेगळे असल्याने त्यांची थेट वजाबाकी करता येत नाही. तथापि त्यांची दिशा निःसंदिग्ध आहे. ज्ञान जवळजवळ सर्वांकडे आहे, इच्छा निम्म्यांकडे आहे, प्रयत्न एकतृतीयांशाच्या आसपास आहेत आणि यश फार थोड्यांच्या वाट्याला येते. म्हणजेच माहिती देण्याने प्रश्न सुटतो हे गृहीतक येथे अपुरे ठरते. ब्रिटिश संशोधक थॉमस वेब व पास्कल शीरन यांनी २००६ मध्ये ४७ प्रयोगांचा एकत्रित अभ्यास करून हीच गोष्ट व्यापक पातळीवर दाखवली. लोकांच्या संकल्पात चांगला मोठा बदल घडवून आणला, तरी वर्तनात होणारा बदल त्या मानाने लहानच राहतो.

३. चालढकल : संकल्पना

चालढकलीला संस्कृतात ‘दीर्घसूत्रता’ असा नेमका शब्द आहे. महाभारताच्या शांतिपर्वात तीन माशांची कथा आहे. तीत संकटाची आधीच तजवीज करणारा अनागतविधाता आणि ऐनवेळी युक्ती सुचणारा प्रत्युत्पन्नमति वाचतात. दीर्घसूत्र नावाचा मासा मात्र जाळ्यात सापडून मरतो. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात तामस कर्त्याची जी लक्षणे दिली आहेत त्यांत ‘विषादी’ आणि ‘दीर्घसूत्री’ ही विशेषणे शेजारी शेजारी येतात. खिन्नता आणि चालढकल यांची ही जोडी आधुनिक संशोधनाच्या प्रकाशात विशेष अर्थपूर्ण वाटते.

कॅनडातील मानसशास्त्रज्ञ पिअर्स स्टील यांनी २००७ मध्ये या विषयावरील उपलब्ध संशोधनाचा विस्तृत आढावा घेतला. त्यांच्या मांडणीनुसार चालढकल म्हणजे विलंबाने आपलेच नुकसान होईल हे ठाऊक असूनही, ठरवलेले काम स्वेच्छेने पुढे ढकलणे. या व्याख्येतील प्रत्येक अंग महत्त्वाचे आहे. काम ठरवलेले असले पाहिजे. ज्याला ते करायचेच नाही, तो चालढकल करीत नाही. विलंब स्वेच्छेचा असला पाहिजे. साधन नाही म्हणून थांबलेला माणूस चालढकल करीत नाही. आणि नुकसानीची जाणीव असली पाहिजे. विचारपूर्वक वाट पाहणे ही चालढकल नव्हे.

आळस आणि चालढकल यांतील फरक येथेच स्पष्ट होतो. आळशी मनुष्याला काम न केल्याची टोचणी नसते. चालढकल करणारा मात्र अनेकदा दिवसभर राबत असतो. जे काम टाळायचे त्याच्या ऐवजी तो दहा दुसरी कामे उरकतो आणि रात्री अंथरुणाला पाठ टेकताना त्याला न केलेल्या कामाचीच आठवण होते. म्हणूनच चालढकल करणाऱ्याला आळशी म्हणून हिणवणे हे निदान म्हणूनही चुकीचे आहे आणि उपचार म्हणूनही निरुपयोगी आहे.

४. चालढकलीची कारणे

४.१ आज व उद्या यांचे असमान वजन : मानवी मन जवळच्या सुखदुःखाला मोठे आणि दूरच्या सुखदुःखाला लहान मानते. तंबाखूची चिमूट दाढेखाली धरल्यावर मिळणारा दिलासा काही मिनिटांत येतो; तिच्यामुळे होणारा कर्करोग वीस वर्षांनी येईल किंवा कदाचित येणारही नाही. सोडण्याचे कष्ट मात्र आजचे असतात. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्याख्यानात याचे उदाहरण स्वतःच्या भारतातील वास्तव्यातून दिले. सहकारी जोसेफ स्टिग्लिट्झ यांची कपड्यांची एक पेटी त्यांना अमेरिकेला पाठवायची होती. त्या कामात एक संपूर्ण दिवस मोडेल असा अंदाज होता. आठ महिन्यांहून अधिक काळ रोज सकाळी त्यांचा निश्चय एकच होता, की पेटी उद्या पाठवायची. या दोघांनाही २००१ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, यावरून चालढकलीचा बुद्धिमत्तेशी संबंध नसतो हे वेगळे सांगावयास नको. अकरलॉफ यांचा मुद्दा असा की, एका दिवसाच्या विलंबाची किंमत नगण्य असते, म्हणून प्रत्येक दिवशीचा निर्णय योग्यच वाटतो. चूक दिसते ती अशा सर्व निर्णयांच्या बेरजेत.

४.२ भावनेपासून पळ : चालढकल ही वेळेच्या नियोजनातील त्रुटी आहे असा समज दीर्घकाळ होता. फुशिया सिरॉइस आणि टिमथी पिचिल यांनी २०१३ मध्ये मांडलेल्या विवेचनानुसार तिचे मूळ भावनांच्या हाताळणीत आहे. काही कामे कंटाळा, भीती, अपमान अथवा अपयशाची शंका मनात उभी करतात. काम बाजूला सारताच ती भावना तात्पुरती शमते. हा दिलासा म्हणजे चालढकलीला मिळालेले बक्षीसच होय आणि बक्षीस मिळालेले वर्तन पुनःपुन्हा घडते. तंबाखूच्या बाबतीत ही अडचण दुहेरी असते. सोडण्याच्या विचाराने येणारी अस्वस्थता शमवण्यासाठी व्यसनी माणसाच्या हाताशी असलेले सर्वांत सवयीचे साधन तंबाखूच असते.

४.३ अविवेकी विचार : विवेकनिष्ठ मानसोपचाराचे प्रवर्तक अल्बर्ट एलिस यांनी विल्यम नॉस यांच्यासमवेत १९७७ मध्ये चालढकलीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. भारतात या उपचारपद्धतीचा प्रसार करण्याचे श्रेय मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांना जाते. मराठी वाचकांना एलिसची ओळख मुख्यत्वे त्यांच्या कार्यातून झाली. एलिसच्या मते काम कठीण आहे हा विचार अडथळा नसतो. काम इतके कठीण असता कामा नये आणि त्याचा त्रास आपल्याला सहनच होणार नाही, हा विचार अडथळा असतो. ‘तंबाखू सोडली की डोके दुखते’ हे वस्तुस्थितीचे वर्णन आहे. ‘ते मला सोसणारच नाही’ हा त्यावर चढवलेला निष्कर्ष आहे. वास्तविक निकोटिन बंद केल्यानंतरचा त्रास पहिल्या काही दिवसांत तीव्र असतो आणि साधारणपणे दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. जे कायमचे वाटते ते मुदतीचे असते.

५. विलंबाची किंमत

चालढकलीचे मोल बहुधा अदृश्य असते. तंबाखूच्या, विशेषतः धूम्रपानाच्या बाबतीत मात्र ते मोजले गेले आहे. रिचर्ड डॉल, रिचर्ड पीटो व सहकाऱ्यांनी १९५१ पासून ब्रिटिश पुरुष डॉक्टरांचा पन्नास वर्षे पाठपुरावा केला आणि २००४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. आयुष्यभर सिगारेट ओढणाऱ्यांचे आयुष्य न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी सुमारे दहा वर्षांनी कमी होते. साठाव्या वर्षी सोडणाऱ्याने त्यांपैकी सुमारे तीन वर्षे परत मिळवली; पन्नासाव्या वर्षी सोडणाऱ्याने सहा, चाळिसाव्या वर्षी सोडणाऱ्याने नऊ आणि तिसाव्या वर्षी सोडणाऱ्याने जवळजवळ सर्व दहा.

या आकड्यांचा अर्थ दोन प्रकारे लावता येतो. चाळिशीनंतर दहा वर्षांची चालढकल सुमारे तीन वर्षांचे आयुष्य घेऊन जाते, हा एक अर्थ. साठीलाही सोडणे व्यर्थ नाही, हा दुसरा. समुपदेशनाच्या दृष्टीने दुसरा अर्थ अधिक महत्त्वाचा आहे. कारण चालढकल करणाऱ्याचे पहिले बोधवाक्य ‘अजून वेळ आहे’ हे असते आणि शेवटचे ‘आता उशीर झाला’ हे असते. या दोन वाक्यांच्या मध्ये जो काळ असतो, त्यात ‘आज’ कुठेच येत नाही.

६. मात करण्याचे मार्ग

६.१ प्रेरणेची वाट न पाहणे : आधी प्रेरणा, मग कृती असा क्रम सामान्यतः गृहीत धरला जातो. नैराश्यावरील वर्तनकेंद्री उपचारांतून आलेला अनुभव याच्या उलट आहे. लहानशी कृती आधी घडते, तिच्यामुळे मनःस्थिती थोडी पालटते आणि त्यातून पुढील कृतीची प्रेरणा निर्माण होते. म्हणून ‘मनापासून वाटेल तेव्हा करीन’ हे प्रामाणिक वाटणारे वाक्य प्रत्यक्षात चालढकलीचे सर्वांत सोज्ज्वळ रूप ठरते.

६.२ ‘जर-तर’ स्वरूपाचा संकल्प : जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९९ मध्ये दाखवून दिले की, संकल्पाला वेळ, स्थळ आणि प्रसंग जोडला की तो पार पडण्याची शक्यता वाढते. ‘तंबाखू कमी करीन’ हा संकल्प मोघम आहे. ‘जेवणानंतर हात चुन्याच्या डबीकडे गेला, तर आधी बडीशेप तोंडात टाकीन आणि पाच मिनिटे फिरून येईन’ हा संकल्प नेमका आहे. गोलविट्झर व शीरन यांनी २००६ मध्ये अशा ९४ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात मध्यम ते मोठ्या प्रमाणात परिणाम दिसून आला. याचे कारण असे की, ऐन मोहाच्या क्षणी विचार करण्याची गरज उरत नाही. निर्णय शांतपणे आधीच झालेला असतो.

६.३ स्वतःला बांधून घेणे : फिलिपाईन्समधील एका बँकेच्या साहाय्याने झेवियर जिने, डीन कार्लन व जोनाथन झिनमन यांनी केलेला प्रयोग २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. धूम्रपान सोडू इच्छिणाऱ्यांनी सहा महिने स्वतःचेच पैसे खात्यात ठेवायचे. मुदतीअंती लघवीच्या तपासणीत निकोटिन आढळले नाही तर पैसे परत, आढळले तर ते दानधर्मात जमा. ज्यांच्यापुढे हा प्रस्ताव ठेवला त्यांपैकी केवळ ११ टक्के लोकांनी तो स्वीकारला. तरीही प्रस्ताव मिळालेल्या संपूर्ण गटात सहा महिन्यांनी सोडणाऱ्यांचे प्रमाण तुलनात्मक गटापेक्षा सुमारे तीन टक्क्यांनी अधिक होते आणि बारा महिन्यांनी पूर्वसूचनेविना घेतलेल्या तपासणीतही हा फरक टिकून राहिला. चारचौघांत शब्द देणे, पैजेचे पैसे मित्राकडे ठेवणे, घरात पुडी न ठेवणे ही याच तत्त्वाची घरगुती रूपे आहेत.

६.४ ‘उद्यापासून कायमचे’ ऐवजी ‘फक्त आज’ : चालढकल करणाऱ्याचा संकल्प काळाच्या दृष्टीने मोठा विचित्र असतो. त्याची सुरुवात उद्या असते आणि व्याप्ती आयुष्यभराची असते. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या स्वमदत चळवळीने हा क्रम नेमका उलटा केला. सुरुवात आज आणि व्याप्ती केवळ आजच्या दिवसाची. डॉ. अनिल अवचट व डॉ. सुनंदा अवचट यांनी पुण्यात १९८६ मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रासारख्या मराठी भूमीतील कार्यातही व्यसनमुक्तीकडे रोज जगण्याची गोष्ट म्हणून पाहिले गेले. आजन्म त्यागाचा भार कोणालाही पेलवत नाही. संध्याकाळपर्यंतचा बहुतेकांना पेलतो.

येथे एक अपवाद लक्षात ठेवणे आवश्यक आहे. छोट्या पावलांचे तत्त्व सर्वच बदलांना सारखे लागू पडत नाही. ब्रिटनमधील सुमारे ७०० धूम्रपान करणाऱ्यांवरील २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हळूहळू कमी करणाऱ्यांपेक्षा ठरलेल्या दिवशी एकदम सोडणाऱ्यांना अधिक यश मिळाले. चार आठवड्यांनंतर हे प्रमाण अनुक्रमे ३९ व ४९ टक्के होते. प्रबंधाचे लेखन रोज अर्ध्या पानाने पुढे जाऊ शकते. पण रोज अर्धी पुडी कमी करण्याचा बेत हा अनेकदा सोडण्याचा दिवस लांबवण्याचाच बेत ठरतो.

६.५ तयारीच्या नावाखालील विलंब : जेम्स प्रोचास्का व कार्लो डिक्लेमेंटे यांनी १९८३ मध्ये मांडलेले बदलाच्या टप्प्यांचे प्रारूप समुपदेशनाच्या अभ्यासक्रमांत सर्वत्र शिकवले जाते. विचारपूर्व अवस्था, विचार, तयारी, कृती आणि सातत्य या टप्प्यांतून माणूस जातो असे ते सांगते. समोरचा माणूस कोठे उभा आहे हे समजून घेण्यास ते उपयुक्त आहे. परंतु रॉबर्ट वेस्ट यांनी त्यावर गंभीर आक्षेप घेतले. वेस्ट व सोहल यांच्या इंग्लंडमधील २००६ च्या पाहणीत जवळजवळ निम्म्या लोकांनी पूर्वतयारीशिवाय, ठरवले त्याच क्षणी सोडण्याचा प्रयत्न केल्याचे सांगितले आणि अशा प्रयत्नांचे यश नियोजित प्रयत्नांपेक्षा कमी नव्हे तर अधिक होते. ही पाहणी लोकांच्या आठवणींवर आधारलेली असल्याने तिच्या मर्यादा आहेत. तरी ‘अजून माझी मानसिक तयारी झालेली नाही’ हे वाक्य नेहमीच खरे मानावे असे नाही, एवढा बोध त्यातून निश्चित घेता येतो.

६.६ स्वतःला क्षमा करणे : चालढकलीवर स्वतःची निर्भर्त्सना हा उपाय आहे असे मानले जाते. कॅनडातील कार्लटन विद्यापीठात ११९ विद्यार्थ्यांचा अभ्यास करण्यात आला. तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या परीक्षेपूर्वी चालढकल केलेल्यांपैकी ज्यांनी स्वतःला क्षमा केली, त्यांनी पुढील परीक्षेपूर्वी कमी चालढकल केली. कारण उघड आहे. चालढकल ही नकोशा भावनेपासूनची पळवाट असेल, तर अपराधीपणाची भर घालण्याने पळण्याची गरज वाढते. सोडलेली तंबाखू महिन्याने पुन्हा तोंडात जाणे हा प्रयत्नाचा शेवट नव्हे. तो बहुतेकांच्या वाटेवरील एक मुक्काम असतो.

७. व्यक्तीच्या इच्छेपलीकडील बाजू

चालढकलीचे सर्व उत्तरदायित्व व्यक्तीवर टाकणे अन्यायाचे होईल. देवनार ज्या एम पूर्व विभागात येते, तो विभाग २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात शहरातील सर्वांत तळाला होता. कचरावेचक, हमाल, बिगारी कामगार यांच्या आयुष्यात भूक मारण्यासाठी, दुर्गंधी विसरण्यासाठी अथवा रात्रपाळीत जागे राहण्यासाठी तंबाखूचा आधार घेतला जातो. ज्याच्यापुढे आजच्या संध्याकाळचा प्रश्न आहे, त्याने वीस वर्षांनंतरच्या आरोग्याला कमी वजन दिले तर त्यास केवळ दुर्बल इच्छाशक्ती म्हणता येणार नाही.

म्हणूनच परिस्थितीतील बदल हा संकल्पाचा मोठा आधार असतो. २००३ च्या तंबाखूविरोधी कायद्याने शैक्षणिक संस्थांपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूविक्रीस बंदी केली. महाराष्ट्रात जुलै २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली. एप्रिल २०१६ पासून वेष्टनाच्या ८५ टक्के भागावर सचित्र इशारा छापणे बंधनकारक झाले. पहिल्या फेरीत इशारा पाहून सोडण्याचा विचार केलेल्या सिगारेट ओढणाऱ्यांचे प्रमाण ३८ टक्के होते. दुसऱ्या फेरीत ते ६१.९ टक्के झाले. परंतु विचार वाढला तरी मागील बारा महिन्यांत सोडण्याचा प्रयत्न केलेल्या धूम्रपान करणाऱ्यांचे प्रमाण पहिल्या फेरीत ३८.४ टक्के आणि दुसऱ्या फेरीत ३८.५ टक्के, म्हणजे जवळजवळ स्थिर राहिले. विचार आणि प्रयत्न यांच्यामधील पूल इशाऱ्याने बांधला जात नाही. तेथे माणसाची गरज असते. आरोग्यसेवकाने सोडण्याचा सल्ला दिल्याचे धूम्रपान करणाऱ्यांपैकी ४८.८ टक्के लोकांनी सांगितले, तर धूरविरहित तंबाखू घेणाऱ्यांपैकी केवळ ३१.७ टक्के लोकांनी. ज्या राज्यात दुसऱ्या प्रकाराचेच प्राबल्य आहे, तेथे ही उणीव अधिक गंभीर ठरते.

८. महाविद्यालयीन अध्यापकांची भूमिका

हा विषय अध्यापकांशी दोन अंगांनी जोडलेला आहे. पहिले अंग विद्यार्थ्यांचे. स्वाध्याय, प्रकल्प आणि परीक्षेची तयारी शेवटच्या आठवड्यावर ढकलणारा विद्यार्थी सर्व वर्गांत असतो. डायन टाइस व रॉय बाउमाइस्टर यांच्या १९९७ च्या अभ्यासात अशा विद्यार्थ्यांना सत्राच्या आरंभी इतरांपेक्षा कमी ताण जाणवला, परंतु सत्राच्या अखेरीस एकूण ताण व आजारपण अधिक आणि गुण कमी, असे आढळले. यावर अध्यापकाच्या हातातील साधा उपाय म्हणजे मुदतीची विभागणी. डॅन अॅरिएली व क्लाउस वर्टेनब्रोख यांच्या २००२ च्या अभ्यासात तीन निबंधांसाठी समान अंतराने मुदती ठरवून दिलेल्या विद्यार्थ्यांची कामगिरी, स्वतः मुदती निवडणाऱ्या विद्यार्थ्यांपेक्षा सरस ठरली. सत्राच्या शेवटी एकच मोठा प्रकल्प मागण्याऐवजी आराखडा, पहिला खर्डा आणि अंतिम प्रत असे तीन टप्पे ठरवून दिल्यास चालढकलीला वाव कमी राहतो.

व्यसनाच्या प्रश्नात उपदेशाची मर्यादा ओळखणे आवश्यक आहे. विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या आणि पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासह विकसित केलेल्या प्रेरणात्मक मुलाखतीच्या पद्धतीचे सूत्र असे की, द्विधा मनःस्थितीतील माणसापुढे बदलाची बाजू दुसऱ्याने मांडली, तर तो आपोआप न बदलण्याची बाजू मांडू लागतो. याउलट सोडण्याची कारणे त्याच्याच तोंडून निघाली, तर ती त्याची स्वतःची होतात. ‘तू गुटखा का सोडत नाहीस?’ या प्रश्नाला बचाव मिळतो. ‘सोडावा असे तुला कधी वाटले होते का, आणि कशामुळे?’ या प्रश्नाला कारण मिळते. अशा संवादासाठी अध्यापक प्रशिक्षित समुपदेशक असण्याची आवश्यकता नाही. तथापि पुढील मदतीची वाट त्यास ठाऊक असावी. केंद्र शासनाने २०१६ मध्ये तंबाखूमुक्तीसाठी राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी सेवा सुरू केली. टाटा समाजविज्ञान संस्थेने २०१२ मध्ये देवनारहून ‘आयकॉल’ ही मनोसामाजिक समुपदेशनाची सेवा सुरू केली.

दुसरे अंग स्वतः अध्यापकांचे आहे. नोंदणी होऊन वर्षे लोटलेला प्रबंध, अर्धवट राहिलेला शोधनिबंध, पुढील वर्षापासून नियमित चालण्याचा निश्चय ही भिजत घोंगडी अध्यापकवर्गालाही अपरिचित नाहीत. चालढकलीचे नियम तेथेही तेच आहेत. प्रबंध रखडतो तो बहुधा वेळेअभावी नव्हे, तर मार्गदर्शकांच्या अभिप्रायाची धास्ती वाटते म्हणून. त्यावरचा उपायही तोच : ठरलेली वेळ, ठरलेली जागा, आजच्यापुरते लहान काम आणि ज्याला जाब द्यावा लागेल असा एक सहकारी.

९. निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. चालढकल हा चारित्र्यदोष नसून नकोशा भावनेपासून तात्पुरती सुटका मिळवण्याची शिकलेली सवय आहे. ज्ञान व इच्छा यांच्या वाढीने ती आपोआप दूर होत नाही, हे देवनारच्या दोन्ही संस्थांच्या सर्वेक्षणांतून दिसते. तिच्यावरील परिणामकारक उपाय इच्छाशक्तीला आवाहन करणारे नसून संकल्पाला वेळ व प्रसंग जोडणारे, मोहाचे अंतर वाढवणारे, दुसऱ्या माणसाचा आधार मिळवून देणारे आणि अपयशानंतर पुन्हा उभे राहू देणारे आहेत. प्रेरणा ही कृतीची पूर्वअट नसून बहुधा तिचे फळ असते. सर्वेक्षणातील ‘कधीतरी सोडेन, पण पुढील बारा महिन्यांत नाही’ हे उत्तर देणारा माणूस बदलाचा विरोधक नसतो. त्याच्या संकल्पाला फक्त तारीख नसते. ती तारीख ठरवण्यास त्याला मदत करणे, हे शिक्षकाच्या आणि समुपदेशकाच्या आवाक्यातील काम आहे.